उजळाईवाडी ते सांबरा

संकेश्वरच्या बाजारपेठेतील मिरचीच्या एका जुन्या अडत दुकानात, गादीवर बसणारे आप्पा आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी एक प्रश्न हमखास विचारीत : "कितीला निघालात?" पाहुण्याने वेळ सांगितली की ते भिंतीवरील घड्याळाकडे पाहत, मनाशी वजाबाकी करीत आणि मग रस्त्याची चौकशी सुरू होई. घाटात मालमोटारी होत्या काय, नाक्यावर रांग होती काय, पूल उघडा होता काय. नवख्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटे. घरच्यांना त्याचे काही वाटेनासे झाले होते. लाल कापडी बांधणीच्या एका जुन्या रोजमेळाची मागची कोरी पाने आप्पांनी या कामासाठी राखून ठेवली होती. कोण, कोठून, कितीला निघाला, कितीला पोचला, वाटेत काय आडवे आले, हे सारे त्या पानांवर बारीक अक्षरात नोंदलेले असे.

हा केवळ छंद नव्हता. संकेश्वरला रेल्वे नाही. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव पुणे-बंगळूर रस्त्यावर वसले आणि त्या रस्त्याच्या जिवावरच त्याचा व्यापार चालला. गडहिंग्लजच्या सौद्यातील मिरची उचलायची, निवडायची, पोती भरायची आणि तेजीचा भाव टिकून आहे तोवर कोल्हापूरला किंवा बेळगावला पोचवायची, हा त्यांचा धंदा. माल दोन तास उशिरा पोचला म्हणजे पोत्यामागे काय फरक पडतो, हे आप्पांना तोंडपाठ होते. वहीच्या पहिल्या पानांवर एस.टी.च्या काळातील नोंदी आहेत. तेव्हा हा रस्ता प्रत्येक गावाच्या पोटातून जात असे आणि बैलगाड्या, आठवडी बाजार, लग्नाच्या वराती या सर्वांचा त्यावर समान हक्क असे. पुढे सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता चौपदरी झाला, गावे बाजूला पडली आणि वहीतील आकडे एकाएकी निम्म्यावर आले. त्या पानावर आप्पांनी शाई बदलली आहे.

अंतर कायम राहते आणि वेळ बदलते, हे त्या वहीने घरातील मुलांना लहानपणीच शिकविले. विमानतळांची गोष्ट पुढे आली तेव्हा मात्र हा धडा नव्याने गिरवावा लागला.

संकेश्वरच्या उत्तरेला कोल्हापूरचा विमानतळ, उजळाईवाडीला. दक्षिणेला बेळगावचा, सांबऱ्याला. गाव जवळजवळ मधोमध. घरापासून उजळाईवाडी सुमारे पंचावन्न किलोमीटर, सांबरा सुमारे साठ. दोन्ही विमानतळ स्वातंत्र्याच्याही आधीचे म्हणावे लागतील. कोल्हापूरचा छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ साली सुरू झाला. सांबऱ्याचा दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला, आणि आजही त्याच्या शेजारी हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. एक संस्थानिकाच्या दूरदृष्टीतून जन्मला, दुसरा युद्धाच्या निकडीतून. व्यापाऱ्याची सोय दोघांच्याही जन्मपत्रिकेत नव्हती.

नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन विमानतळांमधील सरळ अंतर शहाण्णव किलोमीटरच्या आसपास भरते. रस्त्याने तेच एकशे दहा-पंधराच्या घरात जाते. रस्त्याने फारच थोडे वळण घेतले आहे, हे यावरून दिसते. देशावरच्या सपाटीची ही कृपा. रेल्वेने मात्र हाच प्रवास मिरजेवरून करावा लागतो. कोल्हापूर ते मिरज सत्तेचाळीस, मिरज ते बेळगाव एकशे अडतीस, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

लहान प्रवासी विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने जाते असे धरले, तर हे शहाण्णव किलोमीटर बारा मिनिटांत संपायला हवेत. कागदावरचा हा हिशोब एखाद्या होतकरू कारकुनाने मांडावा तसा सुबक आहे आणि तितकाच अपुरा. विमानाला उंची गाठायला वेळ लागतो, उतरायला त्याहून अधिक. शिवाय दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या साधारणपणे पूर्व-पश्चिम आहेत आणि जायचे आहे उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणजे निघताना एक वळसा, पोचल्यावर दुसरा. धावपट्टीवरील संथ चाल धरली तर बारा मिनिटांची पाऊण घटका सहज होते. त्यात विमानतळावर आधी जाऊन थांबण्याचा वेळ मिळवला की मोटार जिंकते. म्हणूनच या दोन गावांमध्ये कोणी विमानाने जात नाही. विमानानेच जाण्याचा कोणी हट्ट धरला, तर त्याला आधी हैदराबाद किंवा बंगळूर गाठावे लागेल आणि तेथून परत यावे लागेल. शहाण्णव किलोमीटरसाठी अर्धा दिवस आणि नऊशे-हजार किलोमीटरची प्रदक्षिणा.

मग या अंतराचा विचार करायचा तरी कशाला? मधल्या गावांना तो करावा लागतो. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज या पट्ट्यातील घरांतून मुले-मुली हैदराबाद, बंगळूर, मुंबईला गेली. दिवाळीला, लग्नाला, दवाखान्याच्या कामाला येताना कोणत्या बाजूने उतरायचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तरही दर वर्षी बदलते. कोल्हापूरला मध्यंतरी काही वर्षे नियमित प्रवासी विमानच नव्हते. ते एप्रिल २०१८ मध्ये उडान योजनेखाली पुन्हा सुरू झाले. नेमक्या त्याच वर्षी हुबळीला योजनेचा लाभ मिळाला आणि बेळगावची काही विमाने तिकडे वळली. सांबऱ्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचे नाव आले आणि गाडी रुळावर आली. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाची 'स्टार एअर' आकाशात उतरली, याचे आपल्या समाजाला साहजिकच कौतुक वाटले. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरलाही दगडी कमानींच्या धाटणीची नवी इमारत मिळाली. शेजारी शेजारी दोन पेढ्या असाव्यात, एकीने दर उतरवला की दुसरीचे गिऱ्हाईक हलावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच की, या दोन पेढ्यांच्या मधून राज्याची सीमा जाते.

आप्पांची कन्या विवाहानंतर हैदराबादला स्थायिक झाली. ती सनदी लेखापाल. हैदराबादहून कोल्हापूर आणि हैदराबादहून बेळगाव ही दोन्ही हवाई अंतरे साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर, जवळजवळ सारखीच. दोन्हीकडे विमान सव्वा तासाच्या आसपास वेळ घेते. तिकिटाच्या दरातही अनेकदा विशेष फरक नसतो. तरी घरात दरवेळी वाद होई. थोरला मुलगा दुकान पाहतो. त्याची बँकेची आणि सरकारी कामे सारी बेळगावला, पण मालाची गिऱ्हाइके कोल्हापूरला. त्याला उजळाईवाडीचा रस्ता सोयीचा वाटे. तवंदी घाट उतरला की निपाणी, पुढे यमगर्णीचा वेदगंगेवरचा पूल, कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगा ओलांडली की महाराष्ट्र, कागल, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि लगेच विमानतळ. शहरात शिरण्याची गरज नाही. सांबऱ्याला जायचे तर हत्तरगीचा नाका, यमकनमर्डी, वंटमुरीचा घाट, राणी चन्नम्मांचे काकती आणि मग बेळगावची कड धरून बागलकोट रस्ता गाठायचा. हा शेवटचा दहा-बारा किलोमीटरचा तुकडा कधी वीस मिनिटांचा, कधी पन्नास मिनिटांचा.

आप्पांचे मत वेगळे होते. पावसाळ्यात वेदगंगेचा भरवसा धरू नये, असे ते म्हणत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी महापुरात यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि दोन्ही वेळच्या नोंदी वहीत होत्या. "विमानाला आभाळ लागतं, मोटारीला पूल लागतो. दोन्हीपैकी एक तरी आपल्या हातात असावं," असे ते मुलाला सांगत. मुलगा हसून मान डोलावी आणि कोल्हापूरचेच तिकीट काढायला सांगे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतही तसेच झाले. आप्पांना कोल्हापूरच्या रुग्णालयातून घरी आणले होते. आता घरीच ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि त्याचा अर्थ घरातील मोठ्यांना कळला होता. अन्न जवळजवळ सुटले होते. बोलणे स्पष्ट होते, पण दिवसातून थोडाच वेळ. मुलाने बहिणीला रात्री दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या कोल्हापूर विमानात जागा मिळाली. ती एका खांद्यावरच्या पिशवीनिशी घरातून निघाली. पेटी भरायला वेळही नव्हता आणि मनही नव्हते.

भाऊ सव्वाअकराला संकेश्वरहून निघून साडेबाराच्या आत उजळाईवाडीला पोचला. विमान पाच मिनिटे कमी एकला उतरायचे होते. पाऊस फार नव्हता, पण ढग इतके खाली आले होते की धावपट्टीपलीकडचे काही दिसत नव्हते. एकच्या सुमारास ढगांच्या वर विमानाचा आवाज आला, दूर गेला, पुन्हा आला. बाहेर उभे असलेले सगळे आवाजाच्या दिशेने मान वर करून पाहत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज येईनासा झाला.

विमान बेळगावला वळवले होते. एक पस्तीसला ते सांबऱ्याला उतरले. बेळगाव कोल्हापूरपेक्षा दीडशे मीटर उंचावर आहे, तरी त्या दिवशी तेथे ढग फाटले होते. प्रवाशांना जागेवरच बसण्याची विनंती झाली. कोल्हापूरचे हवामान सुधारले की विमान परत तिकडे जाईल, किती वेळ लागेल हे आत्ता सांगता येणार नाही, अशी सूचना झाली.

येथे त्या कन्येने जो विचार केला, तो तिच्या वडिलांच्या वहीला शोभणारा होता. विमानातच बसून राहिले तर एक आकडा अज्ञात : ढग केव्हा उठतील. त्यापुढचे सारे ज्ञात. कोल्हापूरला पोचायला अर्धा तास, बाहेर यायला पंधरा मिनिटे, घरी पोचायला एक तास पाच मिनिटे. येथेच उतरले तर अज्ञात असे काही नाही. साठ किलोमीटर, सव्वा तास. अडचण फक्त वाहनाची. भाऊ एकशे दहा किलोमीटर दूर उभा होता. तो निघून येथे येईपर्यंत दोन तास जाणार.

तिने भावाला दूरध्वनी केला. "दादा, तू इकडे येऊ नकोस. सरळ घरी जा, आप्पांजवळ बस. मी सांबऱ्यालाच उतरते."

"अगं, पण गाडी?"

"रविवार पेठेत विचार."

बेळगावच्या रविवार पेठेतील एका व्यापाऱ्याशी या दुकानाचा तीस-पस्तीस वर्षांचा व्यवहार होता. भावाने फक्त इतकेच सांगितले की आप्पांचे असे आहे आणि बहीण सांबऱ्याला अडकली आहे. पलीकडून एकच वाक्य आले, "विमानाचा नंबर पाठव, पोरगा निघाला."

विमानातून उतरणे मात्र वाटते तितके सरळ नसते. कर्मचारी सौजन्याने वागत होते, पण नियम त्यांनाही होते. मध्येच उतरणाऱ्या प्रवाशाचे पोटातले सामानही उतरवावे लागते. सामान एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे सुरक्षेला चालत नाही. येथे उतरल्यास पुढच्या प्रवासाची जबाबदारी कंपनीकडे राहणार नाही, असे लेखी द्यावे लागते. हवामानामुळे झालेल्या खोळंब्याची भरपाईही मिळत नाही. तिच्याजवळ पोटातले सामान नव्हते. शेजारच्या आसनावर हुपरीचे एक चांदीचे व्यापारी बसले होते. त्यांनाही उतरावेसे वाटत होते, परंतु त्यांच्या दोन पेट्या खाली होत्या. "माझ्या पेट्या शोधेपर्यंत सगळ्यांचाच खोळंबा व्हायचा. तुम्ही उतरा, ताई," असे म्हणून त्यांनी पाय आवरून तिला वाट दिली. घरी काय प्रसंग आहे, हे तिने त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नाही.

सही करून ती बाहेर आली तेव्हा दोन चाळीस झाले होते. रविवार पेठेतील व्यापाऱ्यांचा मुलगा दाराशी उभा होता. वंटमुरीच्या घाटात पाऊस लागला, हत्तरगीच्या नाक्यावर चार मिनिटे गेली. चारला दोन मिनिटे कमी असताना गाडी संकेश्वरच्या घरासमोर थांबली. भाऊ तासाभरापूर्वीच पोचला होता.

आतल्या खोलीत आई णमोकार म्हणत बसली होती. आप्पा जागे होते. मुलगी पलंगाजवळ बसली, तेव्हा त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले आणि क्षीण आवाजात विचारले, "कितीला निघालीस?"

"साडेनऊला, आप्पा."

"कोल्हापूर?"

"नाही. सांबऱ्याहून आले."

ते थोडा वेळ गप्प राहिले. बहुधा वजाबाकी चालली असावी. मग म्हणाले, "वंटमुरीत पाऊस असेल."

"होता."

यानंतर जवळजवळ दीड तास ते अधूनमधून बोलत होते. नातवंडांची चौकशी केली. सुनेला सर्वांचा स्वयंपाक दिवस मावळण्याआधी उरकायला सांगितले. घरी माणूस आजारी आहे म्हणून नियम मोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. मग मुलाला जुनी खतावणी आणायला लावली. मिरचीच्या हंगामाआधी शेतकऱ्यांना दिलेल्या उचलींची एक यादी त्यात होती. पाच नावे. कोणाची विहीर आटली, कोणाचा कर्ता मुलगा गेला. रकमा अडतीच्या धंद्याला मोठ्या नव्हत्या, त्या शेतकऱ्यांना मात्र होत्या. "ही पाच खाती मिटव. माणसं पाठवू नकोस," असे त्यांनी सांगितले. मुलीकडे वळून म्हणाले, "तू ऐकलंस ना? दोघांनी ऐकलं पाहिजे. उद्या एकाला वाटलं की म्हातारा बोललाच नव्हता, तर दुसऱ्याने सांगावं." बुडीत खाते मिटवायला दोन सह्या लागतात, ही बँकेची रीत या माणसाला बँकेत पाऊल न ठेवताही ठाऊक होती. मुलीने खतावणीच्या त्या पानावर तारीख घातली आणि दोघा भावंडांनी खाली सह्या केल्या.

साडेपाचनंतर शब्द अस्पष्ट होत गेले. दिवेलागणीला ते डोळे मिटून पडले आणि पुढे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा देहान्त झाला.

सांबऱ्याला थांबलेले विमान त्या दिवशी चार पस्तीसला उजळाईवाडीला उतरले. हे भावाला पुढच्या आठवड्यात कळले. हुपरीचे ते चांदीवाले गडहिंग्लजला कामानिमित्त जाताना संकेश्वरच्या बाजारात उतरले होते आणि मिरचीच्या अडतीत हैदराबादहून आलेली ताई कोण, याची चौकशी करीत दुकानापर्यंत आले. दुकान बंद पाहून ते घरी आले आणि सारे समजल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. ढग चारच्या सुमारास उठले, असे ते म्हणाले. भावाने तोंडाने काही हिशोब केला नाही. चार पस्तीस, अधिक पंधरा मिनिटे, अधिक एक तास पाच मिनिटे. तो ओट्यावरील प्रत्येकाने मनात करून झाला होता.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर दुकान उघडले. पहिल्याच दिवशी भावाने रविवार पेठेच्या खात्यात गाडीच्या इंधनाचे दोन हजार रुपये जमा लिहून तसा निरोप पाठवला. संध्याकाळी उत्तर आले : "नोंद खोडावी. आमच्या वहीत अशी फेरी नाही."

त्याने नोंद खोडली. मग रोजमेळाची मागची पाने उघडली. शेवटची नोंद आप्पांच्या थरथरत्या अक्षरात मे महिन्याची होती. तिच्याखाली त्याने लिहिले : सांबरा ते घर, दोन चाळीस ते तीन अठ्ठावन्न. वंटमुरीत पाऊस. बहीण परत जाणार त्याचे तिकीट अजून काढायचे होते. तिने विचारले, "कुठून काढू?" त्याने पाने मागे चाळून जुलै-ऑगस्टच्या जुन्या नोंदी पाहिल्या, बाहेर जाऊन आभाळाकडे एकदा पाहिले आणि तिला सांबऱ्याचे काढायला सांगितले.